लघुप्रतिकृतीतील पेट्रोल पंप : पार्श्वभूमी

एका बाजूला छोटे कार्यालय, त्याला लागून गाड्या दुरुस्त करण्याच्या दोन खोल्या आणि समोरच्या चौथऱ्यावर इंधन भरण्याची दोन-तीन यंत्रे, अशी जी इमारत पेट्रोल पंपाच्या अनेक मॉडेल किटमध्ये आढळते, ती साधारणपणे १९३० ते १९६० या काळातील अमेरिकेची आहे. किटवर बारीक काम करू इच्छिणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, कारण या इमारतीतील जवळजवळ प्रत्येक वस्तू आपला काळ सांगते.

मोटारी आल्या तेव्हा पेट्रोलसाठी स्वतंत्र जागाच नव्हती. १८८८ मध्ये मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ यांनी आपल्या लांबच्या प्रवासात जर्मनीतील वीसलोख येथे औषधाच्या दुकानातून इंधन घेतले होते. गल्फ या तेल कंपनीने १ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये, मोटार थेट आत आणता येईल असा पंप वास्तुरचनाकाराकडून आराखडा करून घेऊन उघडला. पुढच्या दशकात काचेचे नळकांडे माथ्यावर असलेली यंत्रे रूढ झाली. त्यांत कामगार दांडा हलवून इंधन वर चढवीत असे आणि गिऱ्हाइकाला मोजमाप डोळ्यांनी पाहता येई. शिसेमिश्रित ‘एथिल’ पेट्रोलला लाल रंग दिलेला असे, तेव्हा रंगकाम करणाऱ्याने ते नळकांडे पाण्यासारखे स्वच्छ ठेवण्याचे कारण नाही. तीन मीटर उंचीचे असे यंत्र १:८७ या प्रमाणात जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचे होते. १९३० च्या दशकात किंमतही आपोआप दाखवणारी विजेची यंत्रे आली आणि काचेची नळकांडी हळूहळू हटली.

याच सुमारास तेल कंपन्यांनी इमारतीलाच जाहिरात बनवले. प्युअर ऑइलने निळ्या उतरत्या छपराची, धुराड्याची घरगुती बंगली उभारली. टेक्साकोसाठी औद्योगिक रचनाकार वॉल्टर डॉर्विन टीग यांनी पांढऱ्या एनॅमल पत्र्याची, हिरव्या पट्ट्यांची सपाट पेटीसारखी इमारत आखली. साच्यातून प्लॅस्टिक ओतून भिंती काढणाऱ्या उत्पादकांना दुसरी अधिक सोयीची ठरली असावी, असे मला वाटते.

प्रतिकृतींचा इतिहास रेल्वे मॉडेलच्या छंदाशी जोडलेला आहे. डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या छापाने युद्धापूर्वीच पंपांचे छोटे संच विकले होते. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक स्वस्तात मिळू लागल्यावर खरा विस्तार झाला. बाकमन या अमेरिकी कंपनीच्या ‘प्लॅस्टिकव्हिल’ मालिकेत गोंदाशिवाय जोडता येणारा पंप होता, तर जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागातील ग्यूटेनबाख येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या फालरने युरोपीय धाटणीचे पंप दिले. रुळांलगत मोटारी उभ्या करायला पंप हे सहज निमित्त होते आणि त्याला जागाही थोडी लागे.

पुढे १९७० च्या दशकात स्वयंसेवा वाढली, दुरुस्तीच्या खोल्या जाऊन तेथे छोटी दुकाने आली, वर मोठे छत आले. किटमधील पंप बहुधा त्याआधीच्या काळात थांबला. लेझरने कापलेले लाकूड आणि त्रिमितीय मुद्रण यांमुळे आता नळ्या, तोट्या, तेलाचे डबे असे सुटे भाग बारीक मिळतात. पण १९२५ चे यंत्र आणि १९५८ ची मोटार एकाच चौथऱ्यापाशी उभी असली, तर ही सारी बारकाई वाया जाते.