उपचाराला उशीर झाल्यामुळे माणूस गेला, तर ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची

घरातलं माणूस गेल्यावर सुरुवातीचे दिवस कोणाला कागदपत्रं सुचत नाहीत, पण निदान उशिरा झालं किंवा उपचार वेळेवर मिळाले नाहीत म्हणून तक्रार करायचं मनात असेल तर वकील नंतर शोधा, आधी केस पेपर ताब्यात घ्या. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या झेरॉक्सवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, आणि त्याच नियमात अॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच जपायचं बंधन आहे, म्हणून थांबू नका.

नुसती डेथ समरी घेऊन परत येऊ नका. कॅज्युअल्टीचा पेपर, डॉक्टरांच्या नोट्स, नर्सिंग चार्ट, लॅबचे रिपोर्ट सगळं मागा, कारण उशिराची केस म्हणजे घड्याळाची केस. माझ्या काकांच्या समरीत "अचानक प्रकृती खालावली" एवढंच होतं, पण नर्सिंग चार्टवर रात्री ११ पासून दर तासाला बीपी खाली येत असल्याच्या नोंदी होत्या आणि डॉक्टर येऊन बघून गेल्याची नोंद पहाटे ४:२० ची. ती दोन पानं नसती तर आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तुम्हीही एका कागदावर वेळ, काय त्रास होत होता, कोणी काय केलं असं ओळीने लिहून काढा.

तक्रार कोण करू शकतं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पेशंट हयात नसेल तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतो. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी हॉस्पिटल असेल तर हा मार्ग नाही, तिथे दिवाणी दावा लावावा लागतो. पण इतरांकडून पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलने तुमच्या पेशंटला फुकट तपासलं असेल तरी तक्रार चालते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय.

मुदत २ वर्षांची. उलटून गेली तर उशिराचं सबळ कारण देऊन माफीचा अर्ज जोडता येतो, पण तो मंजूर होईलच असं धरून चालू नका.

कुठल्या आयोगात जायचं हे नुकसानभरपाई किती मागताय त्यावर नाही, हॉस्पिटलला किती पैसे दिले त्यावर ठरतं, इथे बरेच जण चुकतात. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, पुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. हॉस्पिटल दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरूनही भरता येते. वकील सक्तीचा नाही.

सोबत मृत्यूचा दाखला, मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट, पोस्टमॉर्टम झालं असेल तर त्याचा रिपोर्ट, सगळी बिलं-पावत्या, वारस असल्याचा पुरावा, मयत व्यक्तीच्या उत्पन्नाचा पुरावा आणि अॅफिडेव्हिट लावा.

आता खरी अवघड गोष्ट. उशीर झाला हे दाखवून भागत नाही, त्या उशिरामुळेच जीव गेला हे दाखवावं लागतं. त्याच विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळालं तर फार जोर येतो. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्या केसमध्ये मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडचे उपचार केले होते, पेशंट बाई दगावली, तक्रार करणारा तिचा नवरा स्वतः मलेरिया विभागात अधिकारी होता आणि त्याला जिल्हा पातळीवर मिळालेली २ लाखांची भरपाई, जी वरच्या आयोगांत रद्द झाली होती, कोर्टाने पुन्हा बहाल केली. पण चूक इतकी उघड नसेल तर मत घ्याच.

नोटीस मिळाल्यावर हॉस्पिटलला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपील ४५ दिवसांत. आणि ओरिजिनल कागद कोणाच्याही हातात देऊ नका, अगदी आपल्या वकिलालाही झेरॉक्सच द्या, ओरिजिनल फाईल सुनावणीच्या दिवशी स्वतः घेऊन जा.