फॉरमॅट मारण्याआधी डिस्क काढून ठेवा

संगणक रखडायला लागला की आपल्याकडे एकच औषध सांगतात: फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाक. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाजारपेठेत डोकावलं, तर जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम अजून पोटापाण्याचं काम करताना दिसतात. छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारं विंडोज एक्सपी, आंब्याच्या पेट्यांची बिलं काढणारं विंडोज 7, काजू कारखान्यात वजनकाट्याला सीरियल केबलनं जोडलेला त्याहून म्हातारा डबा, आणि मुंबईच्या ऑफिसनं मोडीत काढल्यावर गणपतीला चाकरमान्याबरोबर गावी आलेला लॅपटॉप. चौघांची दुखणी वेगळी. फॉरमॅट मारल्यावर चौघांचाही डेटा मात्र सारखाच जातो.

सॉफ्टवेअरला गंज चढत नाही. 2009 साली आलेलं विंडोज 7 त्या वर्षी जसं चालायचं, तसंच आजही चालेल. बदलतं ते बाहेरचं जग. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीच्या दुरुस्त्या 8 एप्रिल 2014 ला थांबवल्या, विंडोज 7 च्या 14 जानेवारी 2020 ला, 8.1 च्या 10 जानेवारी 2023 ला आणि विंडोज 10 च्या 14 ऑक्टोबर 2025 ला. आता यातली गोम बघा. नव्या विंडोजमधला बराच कोड जुन्यातूनच आलेला असतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नव्यासाठी दुरुस्त्या येतात. दुरुस्तीआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून तपासली, की सुरक्षेतलं भोक नेमकं कुठे होतं ते जाणकाराला कळतं. तेच भोक जुन्या विंडोजमध्ये असलं, तर ते तिथे कायमचं उघडं. मुदत संपलेल्या सिस्टिममधली चोरवाट चोराला दाखवतात त्या अशा दुरुस्त्याच.

पण मुदतीतली सिस्टिम आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा जगभर पसरला, तेव्हा त्यानं वापरलेलं भोक मार्चमध्येच बुजवलेलं होतं. बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज 7 ची होती. तेव्हा त्याला दुरुस्त्या मिळत होत्या, पण या यंत्रांनी ती मार्चची दुरुस्ती घेतलेलीच नव्हती. ‘डेटा खातं’ म्हणून अपडेट बंद करून ठेवण्याची सवय आपल्याकडेही सार्वत्रिक आहे. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर नेट चालत असेल तर ती समजण्यासारखी आहे; धोका मात्र त्यानं कमी होत नाही.

सिस्टिमला हात लावण्याआधी यंत्राचं अंग तपासावं. किनाऱ्यावर हे अधिकच महत्त्वाचं, कारण इथे ‘विंडोज खराब झाली’ म्हणून दुकानात गेलेल्या डब्याचा दोष पुष्कळदा खाऱ्या वाऱ्यात असतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते यामुळेच. खिडकीतून आलेले मिठाचे बारीक कण मदरबोर्डवर धुळीबरोबर बसलेले असतात. जूनमध्ये त्यांनाही पाणी सुटतं, आणि खारं पाणी विजेचं वाहक. रॅमच्या खाचेत असा ओलसर थर आला, की एखादा बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात बारीक कण, चुकीचा वाचला जातो, विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा येतो, आणि ठपका विंडोजवर बसतो. नवी सिस्टिम टाकताना तर हा दोष जास्तच नडतो. फाइली उलगडताना एक बिट चुकला तरी इन्स्टॉलेशन मध्येच अडतं, नाहीतर पुरं होऊन महिनाभरानं त्रास देतं.

म्हणून आधी वीज बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि डबा उघडा. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, जाळीतून आत गेलेली पाल आणि मुंग्यांचं वारूळ हे दोन्ही इथले नेहमीचे पाहुणे. त्यांना आधी निरोप द्या. मग रॅमच्या पट्टीची दोन्ही टोकांची कुलपं बाहेर ढकलून पट्टी सरळ वर काढा. खालच्या सोनेरी दातांवर पांढुरकी भुकटी किंवा हिरवट डाग दिसतील. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, लोंबती सुतं नसलेल्या कापडानं एकाच दिशेनं पुसा. खोडरबर चालतं असं सर्रास सांगतात. ते चालतं, पण सोन्याचा मुलामा मायक्रोनपेक्षाही पातळ असतो आणि दर पावसाळ्यात रबर घासलं तर खालचं तांबं उघडं पडतं. डाग निघतच नसेल तेव्हाच ते वापरा, हलक्या हातानं, आणि नंतर अल्कोहोलनं भुगा पुसून घ्या. पट्टी परत बसवताना दोन्ही कुलपं आपोआप टक्‌ करून लागली पाहिजेत.

तिथेच मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल दिसेल, सीआर2032, तीन व्होल्टचा. चार-पाच वर्षांत तो उतरतो आणि वीज गेली की संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवते, कारण साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा असतात आणि तुमच्या संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. एवढ्या एका सेलपायी संगणक फॉरमॅट झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. घड्याळ बरोबर असूनही साइट उघडत नसेल, तर मात्र ब्राउझरच म्हातारा झालाय. विंडोज 7 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती. त्यापुढची तिथे बसत नाही.

आता निर्णयाचं. या यंत्राला इंटरनेट खरंच लागतं का, हा एकच प्रश्न विचारायचा. काजूच्या वजनकाट्याला लागत नाही. तो एक्सपीवर बिनघोर राहू दे, फक्त नेटची केबल काढा, वाय-फायचा डोंगल काढा, आणि पेन ड्राइव्हसाठी ऑटोरन, म्हणजे तो लावताच आतला प्रोग्रॅम आपोआप चालू होण्याची सोय, बंद करा. 2008 चा कॉन्फिकर किडा नेटवर्कनं पसरला तसाच पेन ड्राइव्हनंही पसरला होता, आणि फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस अजून झेरॉक्सच्या दुकानांतून फिरतोच आहे. अशा यंत्राला स्वतःचा एक पेन ड्राइव्ह ठरवून द्यावा. तो दुसरीकडे लावायचा नाही. याउलट, बिलं मेल करणाऱ्या, जीएसटी भरणाऱ्या संगणकावर मुदत संपलेली सिस्टिम ठेवणं म्हणजे ओटीवर पैशांचा डबा ठेवून बाजाराला जाणं.

बदलायचंच ठरलं, तर फॉरमॅटच्या ऐवजी डिस्क बदला. 240 किंवा 256 जीबीची साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क, आणा, जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नवी सिस्टिम नव्या डिस्कवर टाका. जुनीवरचा एकही बिट हलत नाही. चार महिन्यांनी ‘ती टॅलीची 2016 ची फाइल कुठेय’ असं कुणी विचारलं, की यूएसबी-साटा केबलनं जुनी डिस्क जोडायची, फाइल काढायची. वेगही वाढतो तो असा. मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क एक फेरी 8.3 मिलिसेकंदांत घेते; हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, वर सुई सरकायला आठ-दहा मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे, तर सेकंदाला पाऊणशे-ऐंशीच्या पुढे मजल जात नाही. साधी एसएसडी हजारोंनी वाचते. अनेकदा यंत्र म्हातारं नसतंच, डिस्क म्हातारी असते.

जुनी डिस्क काढण्याआधी तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य नसेल, तर डिस्क वाचताना अडखळतेय. तेव्हा विंडोजमधला डिस्क दुरुस्त करणारा चेकडिस्क चालवू नका. त्या रगड्यात मरणारी डिस्क लवकर मरते. आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवा, आणि उतरवलेल्यातल्या दहा-बारा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

इथे लोक हमखास एक चूक करतात: जुनी सिस्टिम जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करायची. विंडोज 7 किंवा 10 असेल तर हे चालतं. एक्सपी मात्र डिस्कचा पहिला भाग 63 व्या सेक्टरपासून सुरू करते; सेक्टर म्हणजे अर्ध्या केबीचा तुकडा. एसएसडी आतून 4 केबीच्या, म्हणजे 8 सेक्टरांच्या, घरांनी विचार करते, आणि 63 ला 8 नं भाग जात नाही. प्रत्येक 4 केबीचं लिखाण दोन घरांवर सांडतं, दुप्पट काम होतं. शिवाय रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी ट्रिमची सोय एक्सपीत नाही. दुसरी अडचण बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली. जुनी यंत्रं डिस्कशी बोलायला आयडीई ही जुनी पद्धत ठेवतात; एएचसीआय ही नवी. कुणी उत्साहानं ती बदलून एएचसीआय केली, की आधीची विंडोज 7 सुरूच होत नाही आणि शेवटी 7बी असलेल्या चूक-क्रमांकाचा निळा पडदा येतो. काही बिघडलेलं नसतं. बायोसमध्ये परत आयडीई केलं की गाडी रुळावर. नवी सिस्टिम टाकताना मात्र आधीच एएचसीआय करून घ्यावं.

वेळ कुठली निवडायची? दिवाळी ते माघ. आगोटीनंतर वीज कधी झोप घेईल सांगता येत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बिलांच्या यंत्राला हात लावणारा दुकानदार भेटायचा नाही. इन्स्टॉलेशन मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून करता येतं. बायोस अपडेट करताना वीज गेली तर मदरबोर्डच मुका होऊ शकतो. 600 व्हीएचा चांगल्या बॅटरीचा यूपीएस साध्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटं धरतो, बायोससाठी ते पुरतं. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल, तर आधी वायर काढून खरंच किती वेळ धरतो ते घड्याळ लावून पाहा.

कुठली सिस्टिम टाकायची, यावर वाद घालण्याआधी यंत्र ओळखा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून आलेल्या चौकटीत इंग्रजीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर लिहिलं की आवृत्ती दिसते. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे तपासणं टाळून ते कुठेही बसवून देणारे पेन ड्राइव्ह बनवता येतात, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि कोअर 2 ड्युओसारख्या प्रोसेसरवर 24एच2 आवृत्ती सुरूच होत नाही. हिशेबाच्या यंत्रावर हा खेळ नको. विंडोज 10 ची 22एच2 आवृत्ती असेल, तर वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घालून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची सोय मायक्रोसॉफ्टनं जाहीर केली; त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं लागतं.

चाकरमान्याच्या लॅपटॉपला मात्र लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उत्तम. 2 जीबी रॅमवर चालते, 4 वर सुखानं. 22 क्रमांकाच्या मालिकेला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळतात. डाउनलोड तीन जीबीच्या आसपास, म्हणजे दीड जीबीच्या पॅकवर दोन दिवसांचं काम. 8 जीबीचा पेन ड्राइव्ह पुरे. डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच सिस्टिम चालवून बघता येते. तेव्हा तीन गोष्टी तपासा: वाय-फाय, आवाज, प्रिंटर. प्रिंटरपाशीच गाडी अडते. आपल्याकडे जिथे तिथे दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 लिनक्सवर छळतो, कारण पान रंगवण्याचं काम तो स्वतः न करता संगणकातल्या खास ड्रायव्हरवर ढकलतो. सेवा केंद्रातल्या बोटांच्या ठशांच्या यंत्रांची सॉफ्टवेअरं बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असतात. तिथे मिंटचा आग्रह धरू नये.

राहिला छापखाना, आणि सगळ्यात चिवट प्रश्न तिथेच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला 128 जागांचा स्वतःचा गट आहे. जुन्या फॉन्टांनी तसं काही केलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. काना एका जागी, अर्धा श दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांची खिचडीच असते, फॉन्ट तिला मराठी दाखवतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी ती खिचडी उघडी पडते, आणि सगळे म्हणतात फाइल करप्ट झाली. फाइल धडधाकट असते. जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून फॉन्टच्या फाइली उचलून नव्यावर टाकल्या की मजकूर परत दिसतो. कायमचा इलाज म्हणजे परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणणं. पण ज्या फॉन्टचा परिवर्तक त्याच फॉन्टला चालतो, आणि रफार, ऱ्ह, ‘क्ष’ आणि पहिली वेलांटी नजरेनं तपासावीच लागतात. वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. गडबड होते ती तिथे.

जुळवणीचा प्रोग्रॅम हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या किल्लीसारख्या तुकड्यावर, चालत असेल, तर लॉक यूएसबीचा आहे की प्रिंटर पोर्टचा ते बघा. यूएसबीचा असला, तर नव्या यंत्रात व्हर्च्युअलबॉक्स या संगणकात दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत 512 एमबी रॅम देऊन एक्सपी ठेवता येते आणि लॉक आत पोचवता येतो. नेट मात्र त्या एक्सपीला द्यायचं नाही. प्रिंटर पोर्टचा असला, तर जुना डबाच सांभाळा. पावसाळ्यात तो रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, आतल्या उबेनं ओल बसत नाही. काढून ठेवलेली हार्ड डिस्क सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वर चिठ्ठी चिकटवा: कुठल्या यंत्राची, कधी काढली, आत कुठले फॉन्ट आहेत.