घराच्या व्यवहारासाठी वकील निवडताना

कोल्हापुरात घर, फ्लॅट किंवा प्लॉट घेणाऱ्या आणि विकणाऱ्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

बहुतेक लोक वकिलाच्या पायऱ्या चढतात तेव्हा संचकार (विसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) देऊन झालेला असतो. एजंटाच्या टेबलावर स्टॅम्पपेपर आला, दोन लाख मोजले, तीन महिन्यांत खरेदी पुरी करायची असे ठरले, आणि मग ‘साहेब, जरा कागद बघा’. कागद तेव्हाही बघून होतात. पण दोष सापडला तर प्रश्न घर घ्यावे का हा उरत नाही, दिलेले पैसे सुटतील कसे हा होतो. वकील नेमायची खरी वेळ संचकारपत्राच्या आधी आहे. या पत्रकातले एवढेच लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

वकील कोणाचा?

सॉलिसिटर मुंबईत असतात. कोल्हापुरात दस्ताचे काम सनदधारक वकीलच करतात. प्रश्न पदवीचा नाही, वकील कोणासाठी काम करतो याचा आहे. एका फ्लॅटच्या व्यवहारात कधीकधी तीन वकील असतात आणि त्यातला एकही तुमचा नसतो. बिल्डरचा वकील बिल्डरचा मसुदा सांभाळतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का एवढे पाहतो. त्याचा अहवाल बँकेच्या फाइलमध्ये जातो, चूक निघाली तर तुम्हाला उत्तर द्यायला तो बांधील नसतो. ‘बँकेने लोन पास केले म्हणजे टायटल क्लिअर’ हा समज याच ठिकाणी महागात पडतो. तिसरा एजंटाच्या ओळखीचा. व्यवहार मोडला की एजंटाचे कमिशनही मोडते, हे ध्यानात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा.

दोन्ही बाजूंना एकच वकील ठेवला की खर्च वाचतो, असे अनेकांना वाटते. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. भावाभावांत हक्कसोडपत्र करतानाही वाद निघण्याची शक्यता दिसत असेल तर वेगळाच वकील बरा.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहून देणारे हुशार असतात आणि कॉम्प्युटरवर डेटा एंट्री झटपट करतात. पण ते मालकी तपासत नाहीत, आणि निबंधकही मालकीची हमी देत नाहीत. नोंदणी झाली म्हणजे दस्त सरकारी दप्तरी लागला. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे आला.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि हायकोर्टात चालणारी नावे गावात सहज भेटू लागली. पण कोर्टात उत्तम युक्तिवाद करणे आणि चाळीस वर्षांचे फेरफार (मालकीबदलाच्या सरकारी नोंदी) शांतपणे वाचणे ही दोन निराळी कामे आहेत. घरासाठी दुसऱ्या प्रकारचा माणूस शोधा.

इथलाच वकील का

कोल्हापूरची मिळकत कागदावर ओळखायलाच सवय लागते. शहरात सिटी सर्व्हे नंबर ए ते ई वॉर्डांत विभागले आहेत. शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी वॉर्डात, शाहूपुरी-राजारामपुरी ई वॉर्डात. दस्तात वॉर्ड न लिहिता नुसता सि.स. नंबर घातला तर मिळकतीचे वर्णनच अपुरे राहते. उपनगरांत रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर, गट नंबर आणि नंतर पडलेला सिटी सर्व्हे नंबर असे दोन-तीन आकडे एकाच जागेला चिकटलेले असतात. ते एकमेकांशी जुळतात का, हे जुन्या उताऱ्यापासून जुळवत यावे लागते.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीचे कागद संस्थानी दप्तराचे, अनेकदा मोडीत. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या मालकीची साखळी तिथपर्यंत जात असेल तर मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. ‘मोडी आहे, सोडून द्या’ म्हणणारा वकील नको.

इनाम आणि वतन हा इथला दुसरा गुंता. देवस्थान इनामाची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचे मुख्यालयच कोल्हापुरात आहे, त्यामुळे अशा जमिनी या भागात भरपूर. वतन खालसा होऊन परत दिलेल्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, असतात. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा, म्हणजे विक्रीआधी परवानगी हवी असा, शेरा असतो. हे सारे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा एखाद्या जुन्या फेरफारात दडलेले असते. त्या जमिनीवर पुढे प्लॉट पडले, घरे झाली, तीन खरेदीखते झाली, तरी मूळची परवानगी नसेल तर दोष चालतच येतो. कोल्हापूर शहराला १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदाही लागू होता. राज्यात तो २००७ मध्ये रद्द झाला, पण कलम २० खाली कमाल मर्यादेतून सूट दिलेल्या जमिनींचा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटला नाही.

शहराबाहेर पाचगाव, मोरेवाडी, उचगाव अशा गावांत घर घेताना अनेकदा ग्रामपंचायतीचा घरठाण उतारा दाखवला जातो. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. शेतजमिनीतला गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट नोटरी करून घेण्याच्या फंदात पडू नका. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन किंवा गुंठेवारी (विनापरवाना पाडलेल्या छोट्या प्लॉटच्या) नियमितीकरणाचा आदेश यांपैकी काय आहे ते आधी विचारा. तुकडेबंदीच्या (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडण्यावरच्या बंदीच्या) नियमांत वरचेवर बदल होत असल्याने व्यवहाराच्या दिवशीचा नियम वकिलाकडून लेखी घ्यावा.

आणि पूररेषा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हा प्रश्न कोणालाच समजावून सांगावा लागत नाही, तरी कागद बघताना तो राहून जातो. नदीलगतच्या निळ्या पूररेषेच्या आतला पट्टा बांधकामाला निषिद्ध, निळी आणि तिच्या पलीकडची लाल पूररेषा यांच्या मधला नियंत्रित. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जागा कुठल्या पट्ट्यात येते हे झोन दाखला आणि भाग नकाशा काढल्यावर कळते. विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षणही त्याच नकाशात सापडते. जुने घर पाडून नवे बांधायचा विचार असेल तर हा नकाशा सर्च रिपोर्टइतकाच (जुन्या दस्तनोंदींच्या शोधाच्या अहवालाइतकाच) महत्त्वाचा.

वकील नेमका काय तपासतो

‘तीस वर्षांचा सर्च’ हा शब्द सगळे वापरतात. साधारण २००२ पासूनची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) संगणकावर मिळते, आधीच्या हस्तलिखित सूची प्रत्यक्ष कार्यालयात बसून पाहाव्या लागतात. करवीर तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर शहर ज्यात येते तिथे, दुय्यम निबंधक कार्यालये एकापेक्षा जास्त आहेत. एकाच कार्यालयातला शोध हा अर्धा शोध. काही वर्षांची पाने फाटलेली किंवा उपलब्ध नसतील तर चांगला वकील अहवालात तसे स्पष्ट लिहितो. कुठेही ‘उपलब्ध नाही’ न लिहिलेला, दोनच पानांचा स्वच्छ अहवाल पाहिला की आम्हाला उलट शंका येते.

सूचीत न दिसणाऱ्या गोष्टी जास्त त्रास देतात. मूळ दस्त बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवून काढलेले कर्ज हे त्यातले पहिले. अशा गहाणाची सूचना नोंदवणे राज्यात २०१३ पासून सक्तीचे आहे, त्याआधीचे गहाण सूचीत सापडेलच असे नाही. म्हणून विकणाऱ्याकडे मूळ खरेदीखत आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. ‘झेरॉक्स आहे, मूळ गावाकडे आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. मूळ खरोखर हरवले असेल तर पोलिसांत दिलेली तक्रार, वर्तमानपत्रातली नोटीस आणि प्रतिज्ञापत्र मागावे. केंद्रीय गहाण नोंदणी म्हणजे सेरसाईवरही शोध घ्यावा.

दुसरी गोष्ट वारस. पेठेतल्या घरांच्या वादात सगळ्यांत जास्त वेळा पुढे येतात त्या बहिणी. वडिलांच्या पश्चात सिटी सर्व्हेला फक्त मुलांची नावे लागली, बहिणींनी तोंडी ‘आम्हाला काही नको’ म्हटले, आणि वीस वर्षांनी घर विकायला काढले. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. त्यामुळे वकिलाने पहिल्याच भेटीत वंशावळ मागितली पाहिजे, आणि त्यात विवाहित बहिणी, मयत भावाची बायको-मुले, अज्ञान (१८ वर्षांखालील) वारस विचारले पाहिजेत. अज्ञानाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती सोपी नाही, पण टाळण्याजोगीही नाही.

कोर्टात दावा चालू असेल तर ते ई-कोर्टवर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. महसुली अपिले मात्र प्रांत आणि तहसील कार्यालयात वेगळी चालतात, तिथेही विचारावे. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला खासगी खरेदीत कायद्याची सक्ती नाही. तरी ती द्यावी: आपण खबरदारी घेतली हे पुढे दाखवता येते, आणि कधीकधी लपलेला हिस्सेदार त्यामुळेच समोर येतो. हे सगळे साधारण दोन ते तीन आठवड्यांचे काम, वारसांचा किंवा मोडीचा गुंता असेल तर त्याहून अधिक. ‘परवापर्यंत रिपोर्ट देतो’ म्हणणाऱ्याला काय काय बघणार आहात, असे विचारा.

नव्या इमारतीतला फ्लॅट असेल तर महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) क्रमांक स्वतः तपासा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ सदनिकांपर्यंतचा प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतो. कोल्हापुरात अशा छोट्या इमारती पुष्कळ आहेत, तिथे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि अपार्टमेंट कायद्याखालचे डिक्लेरेशन हेच तुमचे संरक्षण.

पैशाचा हिशेब

कोल्हापूर महापालिका हद्दीत खरेदीखताला मुद्रांक शुल्क सध्या ६ टक्के. खरेदीदार फक्त महिला असतील तर निवासी मिळकतीवर १ टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. ४० लाखांच्या फ्लॅटला २,४०,००० अधिक ३०,०००. शुल्क ठरलेली किंमत किंवा रेडीरेकनरचे (सरकारी बाजारदर तक्त्याचे) मूल्य यांत जे जास्त त्यावर. दस्तात किंमत कमी दाखवून शुल्क वाचत नाही; मागाहून कमी भरणा निघाला तर दरमहा २ टक्के दंड बसतो.

संचकाराची २०,००० किंवा जास्त रक्कम रोखीत घेऊ नये. आयकर कायद्याने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे, म्हणजे ही जोखीम विक्रेत्याची. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा. तो विसरला की व्याज खरेदीदाराच्याच अंगावर येते. विक्रेता परदेशात राहत असेल तर टीडीएसचा दर पूर्ण वेगळा. चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय पहिला चेकही देऊ नये.

वकिलाची फी आधी ठरवा आणि लिहून घ्या. शोधाचे सरकारी चलन, नोटिशीचा खर्च, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजर राहणे, नंतरचे फेरफार हे प्रत्येक वेगळे लिहिलेले असावे. ‘सगळे मिळून’ या शब्दांत नंतरचे फेरफार बहुतेक वेळा नसतातच. व्यवहार मोडला तरी तपासणीची फी द्यावी लागते हे गृहीत धरा. दोष शोधून व्यवहार थांबवणे हेही त्या फीत येते. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणून मोठे फलक आणि ‘शंभर टक्के टायटल गॅरंटी’ यांपासून चार हात लांब राहावे.

दस्तात आणि दस्तानंतर

संचकारपत्रात तीन ओळी असायलाच हव्यात: मालकी निर्वेध न निघाल्यास संचकार किती दिवसांत परत, कर्ज नामंजूर झाल्यास काय, आणि घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल कोणत्या तारखेपर्यंत कोणाचे. विक्रेत्याने आपल्या बाजूने उरलेल्या रकमेची तारीख आणि ताबा पूर्ण रक्कम मिळाल्यावरच, हे घालून घ्यावे. ताबा आधी दिलेल्या साठेखताला (पुढे खरेदी करण्याच्या कराराला) खरेदीखताइतके शुल्क लागते.

मुखत्यारपत्रावर विक्री असेल तर मूळ मुखत्यारपत्र पाहा आणि लिहून देणारा हयात आहे याची खात्री करा. त्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपते. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला दाखल व्हावा. नोंदणी झाली की सूची क्रमांक २ घ्या आणि फाइल बंद करू नका. सिटी सर्व्हेत किंवा तलाठ्याकडे नोंद, महापालिकेच्या घरफाळा विभागात नाव, महावितरणचे मीटर, सोसायटी असेल तर भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), इतके अजून बाकी असते. महापालिका हद्दीतल्या सोसायटीला हस्तांतरण शुल्क २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. सातबाऱ्याच्या नोंदीला हरकतीसाठी १५ दिवस असतात. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्याचा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा कोणी करायचा, हे नेमणुकीच्या वेळीच ठरवा.

पहिल्या भेटीला येताना विक्रेत्याकडून मिळालेल्या मूळ दस्ताची प्रत, चालू प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, घरफाळ्याची शेवटची पावती, मंजूर नकाशा असल्यास तो आणि विक्रेत्याच्या कुटुंबाची वंशावळ आणावी. वंशावळ कागदावर नसेल तर आजोबांपासून तोंडी सांगता आली तरी चालेल. संचकार मात्र घरी ठेवून या.