मूत्राशयाची कार्यतपासणी

मूत्राशय, म्हणजे बोलीतली ‘लघवीची पिशवी’, नीट भरते का, पूर्ण रिकामी होते का आणि बाहेरच्या वाटेत अडथळा आहे का, हे मोजून ठरवणाऱ्या चाचण्यांचा गट. यालाच मूत्रगतिकी किंवा युरोडायनॅमिक्स म्हणतात. धार बारीक होणे, लघवी थांबून थांबून होणे, जोर करावा लागणे, रात्री वारंवार उठणे या तक्रारींत ती उपयोगी पडते.

सुरुवात यंत्राने नव्हे, वहीने होते. किती वाजता, किती मिलिलिटर लघवी झाली हे रुग्णाने तीन दिवस लिहायचे. ही नोंद दिनक्रमाला धरून असावी लागते. ठाणे–वाशी लोकलमध्ये शौचालय नसते. त्यामुळे त्या मार्गाने रोज कामावर जाणाऱ्या अनेक बायका निघताना पाणीच कमी पितात आणि पोचेपर्यंत लघवी धरून ठेवतात. त्यांची रविवारची नोंद आणि सोमवारची नोंद जुळत नाही. म्हणून वहीत कामाचा दिवस हवाच.

पुढची पायरी युरोफ्लो. भरपूर पाणी पिऊन, जोराची लागल्यावर रुग्ण एकांतात यंत्राच्या नरसाळ्यात लघवी करतो आणि धारेचा आलेख निघतो. पुरुषांत सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असला तर तो साधारणपणे चांगला मानतात. १० च्या खाली गेला तर अडथळ्याची शंका येते. मूत्रमार्ग आकसलेला असेल तर आलेख बराच वेळ सपाट राहतो. एकूण लघवी १५० मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर आकड्यावर विसंबू नये. दाराबाहेर रांग असताना घाईने केलेली चाचणी पुन्हा करणेच योग्य. लगेच सोनोग्राफीने पिशवीत किती लघवी उरली तेही पाहतात.

मात्र बारीक धारेची कारणे दोन असू शकतात: वाट अडलेली, किंवा पिशवीचा स्नायूच दुबळा. युरोफ्लो यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी दाब आणि धार एकत्र मोजतात. एक बारीक नळी मूत्राशयात व दुसरी गुदाशयात घालतात. पहिल्या दाबातून दुसरा वजा केला की स्नायूचा स्वतःचा दाब कळतो. पिशवी सलाइनने सावकाश भरून रुग्णाला लघवी करायला सांगतात. पुरुषांसाठी सूत्र असे: सर्वाधिक वेगाच्या क्षणीचा स्नायूचा दाब (‘सेंटिमीटर पाणी’ या एककात), वजा त्या वेगाची दुप्पट. उत्तर ४० च्या वर आले तर अडथळा, २० च्या खाली आले तर नाही, मधले संदिग्ध. समजा, दोघांचाही वेग ७ आहे. एकाचा दाब ७० असेल तर उत्तर ५६, म्हणजे वाट अडली आहे. दुसऱ्याचा २५ असेल तर उत्तर ११, आणि दोष स्नायूचा. जुन्या मधुमेहात नसा बिघडून असे होऊ शकते. अशा रुग्णाची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया केली तरी धार सुधारेलच असे नाही. ऑपरेशनचा निर्णय घेताना शंका असेल तर ही चाचणी टाळू नये, ती याचसाठी.

लघवीत जंतुसंसर्ग असल्यास आधी उपचार करतात. चाचणीनंतर एखादा दिवस जळजळ होऊ शकते. थंडी वाजून ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट फुगले असेल, तर मात्र चाचणीची वेळ नसते. आधी कॅथेटर घालून पिशवी मोकळी करतात.