मंद पिकअप (मोटारगाडी)

ॲक्सिलरेटर दाबूनही गाडीचा वेग उशिरा वाढणे किंवा पुरेसा न वाढणे, याला मंद पिकअप म्हणतात. याचे मूळ हवा, इंधन, ठिणगी, टर्बो, सायलेन्सर, क्लच किंवा ब्रेक यांपैकी कुठेही असू शकते. म्हणून अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत जाणे खर्चिक पडते आणि बहुधा निष्फळ ठरते.

आधी एवढेच पाहावे: आरपीएमच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढत नाही, की आरपीएम चढूनही गाडी ओढत नाही? मॅन्युअल गाडी रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०–५० किमी. वेगाने चालवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच घसरत आहे. इंजिन उघडण्याची गरज नाही. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच जास्त तापत असेल, तर ब्रेक धरून राहतो. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) गंजलेल्या पिना किंवा अडकलेली हँडब्रेकची केबल हे त्याचे नेहमीचे कारण. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले की खात्री होते.

दोष इंजिनाकडे असल्यास ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड आणि आकडे वाचणारे उपकरण) लावावा. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत पेडलमध्ये दोन स्वतंत्र संवेदक असतात आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्यांचे संकेत सतत पडताळतो. ते जुळले नाहीत, तर इंजिनाची ताकद मुद्दाम मर्यादित केली जाते. थ्रॉटलच्या दोन संवेदकांतील अशाच विसंगतीचा एक कोड पी २१३५ आहे. केबलच्या जुन्या गाडीत पेडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का, ते दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे. ढिली केबल किंवा पेडलखाली सरकलेले मॅट एवढेही पुरते.

पेट्रोल इंजिनात सर्वांत बोलका आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू इंधन ठरलेल्या मात्रेपेक्षा किती टक्के वाढवतो (अधिक) किंवा घटवतो (उणे) त्याचा. दीर्घकालीन ट्रिम साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावा. आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम बराच अधिक आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ सामान्य असेल, तर इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या मार्गात) न मोजलेली बाहेरची हवा शिरते आहे. फाटका व्हॅक्यूम पाइप किंवा मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) गॅस्केट तपासावे. उलट, भार वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला, तर मळलेला हवामापक संवेदक (एमएएफ) किंवा कमकुवत इंधनपंप यांवर संशय घ्यावा. पहिल्या प्रकारात गळतीतून येणारी हवा ठरावीक असते, त्यामुळे एकूण हवा वाढली की तिचा वाटा घटतो; दुसऱ्यात मोजमापाची किंवा पुरवठ्याची तूट मागणीबरोबर वाढते. पोर्ट इंजेक्शनच्या (इंधन सिलिंडरबाहेर, हवेच्या मार्गात फवारणाऱ्या) इंजिनांत इंधनाचा दाब बहुधा ३ ते ४ बार असतो. तो आयडलला ठीक दिसून चढावर कोसळू शकतो, म्हणून गेज लावून भाराखालीच मोजावा.

एमएएफ फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवावा. तारेला बोट किंवा कापड लावू नये. थ्रॉटल बॉडीवरील काजळी इग्निशन बंद ठेवून, क्लीनरने ओला केलेला कपडा झडपेच्या कडेवरून फिरवून काढावी. इलेक्ट्रॉनिक झडप जोराने ढकलल्यास आतले गिअर तुटू शकतात. ईसीयूने मळक्या थ्रॉटलशी जुळवून घेतलेले असते. त्यामुळे सफाईनंतर आयडल वर जाते आणि निर्मात्याच्या पद्धतीने ईसीयूला थ्रॉटलची नवी स्थिती पुन्हा शिकवावी (लर्निंग) लागते.

इंजिन सुरुवातीला ठीक ओढून पुढे गुदमरत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातील, धूर शुद्ध करणारी जाळी) पाहावा. इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून २,५०० आरपीएम धरावा. व्हॅक्यूम हळूहळू घसरत गेला तर वायू बाहेर पडायला अडथळा आहे. मिसफायरमुळे न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची जाळी वितळते. प्लग किंवा कॉइलचा दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जाईल. एअर फिल्टरवर पहिला आळ येतो; तो बदलणे स्वस्त आणि योग्यच, पण मध्यम मळलेल्या फिल्टरने पिकअपमध्ये जाणवण्याइतका फरक क्वचितच पडतो.

डिझेलमध्ये धूर दिशा दाखवतो. काळा धूर आणि ताकद कमी, म्हणजे हवा अपुरी. धुराविना ताकद कमी असेल तर इंधनपुरवठ्यापासून, प्रथम डिझेल फिल्टरपासून, सुरुवात करावी. पी ०२९९ हा कोड टर्बोचा दाब कमी असल्याचे सांगतो, टर्बो खराब असल्याचे नव्हे. आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज आणि क्लॅम्प, मग उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), त्यानंतर काजळीने जाम झालेल्या टर्बोच्या व्हेन (आतली हलती पाती) पाहाव्यात. या व्हेन हलवणाऱ्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंप जोडल्यावर दांडी न अडखळता सरकली पाहिजे आणि व्हॅक्यूम टिकला पाहिजे. डीपीएफ (डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) भरला असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक स्कॅनरवर जास्त दिसतो.

पेडलच्या संकेताचा आलेख बदलणारी उपकरणे थ्रॉटल लवकर उघडतात, पण कमाल ताकद वाढवत नाहीत. तपासणी चालू असताना ती काढून ठेवावीत. दुरुस्तीनंतर कोड पुसताना शिकलेले ट्रिमही बहुधा पुसले जातात. त्यामुळे गाडी शहरात आणि महामार्गावर पुरेशी चालवून, ट्रिम स्थिरावल्यावर आयडल आणि २,५०० आरपीएमचे आकडे पुन्हा नोंदवावेत.