गोबेल्सच्या नावावर खपणारे वाक्य

‘असत्य शंभर वेळा सांगितले की ते सत्य ठरते’ हे वाक्य निवडणुका जवळ आल्या की हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या नावाने हमखास उद्धृत केले जाते. मात्र त्याच्या उपलब्ध भाषणांत वा लेखनात ते सापडलेले नाही. उलट १९४१ च्या एका लेखात, मोठे खोटे बोलून त्यालाच चिकटून राहण्याचा आरोप त्याने इंग्रजांवर केला होता.

पुनरुक्तीचा परिणाम मात्र खरा आहे. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधाने ऐकवून त्यांच्या खरेपणाला सातपैकी गुण देण्यास सांगितले, तेव्हा पुन्हा ऐकलेल्या विधानांचे सरासरी गुण सुमारे ४.२ वरून ४.७ पर्यंत चढले, मग ते विधान खरे असो वा खोटे. ही वाढ बेताचीच आहे, आणि माझ्या मते त्या प्रसिद्ध वाक्यातली अतिशयोक्ती इथेच उघडी पडते. ओळखीचे वाक्य चटकन समजते आणि ती सहजताच आपण खरेपणाची खूण मानतो; प्रचारातील घोषणा आखूड, यमक साधणारी आणि शेवटच्या सभेपर्यंत शब्दशः तीच ठेवली जाते, ती याच कारणाने.