वादपत्राची नामंजुरी (मालमत्तेचे दिवाणी दावे)

पुरावा नोंदवण्याआधी, केवळ वादपत्र (वादीची दाव्यातली लेखी मागणी) वाचून दावा संपवण्याचा दिवाणी न्यायालयाचा अधिकार. त्याचा आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ७, नियम ११. वकिलांच्या तोंडी हा ‘ऑर्डर सात रूल अकराचा अर्ज’. ठाणे आणि बेलापूरच्या न्यायालयांत जमिनीच्या दाव्यात प्रतिवादी बहुधा तो लवकर देतो. मात्र सुनावणी संपेपर्यंत तो कधीही देता येतो.

मुख्य कारणे चार: वादकारणच (दावा आणण्याचा कायदेशीर आधार) नसणे, दाव्याचे मूल्यांकन कमी दाखवणे, कोर्ट फी अपुरी भरणे आणि वादपत्रातील विधानांवरूनच दावा कायद्याने प्रतिबंधित दिसणे. मूल्यांकन आणि फीच्या बाबतीत न्यायालय आधी दुरुस्तीला मुदत देते. ती पाळली नाही तरच नामंजुरी. उरलेली कारणे प्रती आणि समन्सच्या पूर्ततेची आहेत.

कसोटी अशी की, वादपत्रातील प्रत्येक विधान खरे धरले तरी मागितलेली दाद मिळू शकते का? वाचायचे ते वादपत्र आणि त्याला जोडलेली कागदपत्रे. प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) या टप्प्यावर गैरलागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात (सलीमभाई वि. महाराष्ट्र राज्य) सांगितले. तरीही प्रतिवादी अर्जाला स्वतःचे फेरफार, ताबापावत्या, जुन्या दाव्याचा निकाल जोडतात आणि अर्ज तिथेच ढिला पडतो. आधीच्या निकालाने वाद मिटला आहे, हा बचाव जुन्या दाव्याचे कागद तपासल्याशिवाय ठरत नाही. म्हणून तो सहसा या अर्जात चालत नाही.

सर्वाधिक झगडा मुदतीवर होतो. मुदत कायदा, १९६३ नुसार खरेदीखत रद्द करण्याच्या दाव्याला तीन वर्षे, मालकीहक्काच्या जोरावर ताबा मागायला बारा वर्षे. जमिनीचे भाव चढले की जुन्या व्यवहारांवर दावे येतात आणि वादपत्रात ठरलेले वाक्य असते: ‘नुकताच सातबारा काढला तेव्हा व्यवहार कळला.’ केवळ या वाक्याने दावा मुदतीत येत नाही. वादी स्वतः खरेदीखतावर सही करणारा असेल, तर त्याला ‘कळले’ असे म्हणायला जागाच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दहिबेन प्रकरणात (२०२०) २००९ च्या खरेदीखतावर २०१४ मध्ये केलेला दावा याच कारणाने सुरुवातीलाच संपला. मोबदला पूर्ण मिळाला नाही एवढ्याने नोंदणीकृत विक्री रद्द होत नाही, हेही तिथे स्पष्ट झाले. याउलट फसवणूक कशी व केव्हा उघड झाली याचा तपशील असेल, किंवा वाटपाच्या दाव्यात भावंडांना डावलून केलेला व्यवहार असेल, तर मुदत हा पुराव्याचा प्रश्न बनतो आणि अर्ज बहुधा फेटाळला जातो.

कायद्याचा प्रतिबंध ठाणे-नवी मुंबई भागात काही ठरावीक रूपांत भेटतो. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाच्या अधिसूचनेलाच आव्हान देणारा दिवाणी दावा टिकत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका. पण साडेबारा टक्के योजनेत (जमीन गेलेल्यांना मोबदल्यात विकसित भूखंड) मिळालेल्या भूखंडात वारसांचा हिस्सा किती, हा वाद दिवाणीच. बिल्डरने ताबा द्यायला उशीर केल्याची दाद रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम ७९ मुळे महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे जाते. कुळ कायद्याचे प्रकरण वेगळे: कलम ८५ दिवाणी न्यायालयाला रोखते, तरी कलम ८५-अ प्रमाणे ‘हा कूळ आहे का’ एवढा मुद्दा महसुली अधिकाऱ्याकडे पाठवून दावा थांबवून ठेवायचा असतो. कुळाचा उल्लेख दिसला म्हणून सरसकट नामंजुरी मागणे ही नेहमीची चूक आहे.

नामंजुरी आणि वादपत्र परत करणे यांतही गल्लत होते. वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात; खारघर, कामोठे मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात. खारघरच्या फ्लॅटच्या मालकीचा दावा बेलापूरला दाखल झाला तर नियम १० खाली वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळते. सरकारविरुद्ध तातडीच्या परवानगीने, कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस न देता आणलेला दावा तातडी नसल्याचे आढळल्यासही परतच जातो.

अनेक मागण्यांपैकी एकच प्रतिबंधित असेल, तर तेवढा भाग कापता येत नाही. नामंजूर झाले तर वादपत्र संपूर्णच, नाहीतर दावा पुढे चालतो. अर्ज प्रलंबित आहे म्हणून लेखी कैफियतीची मुदत (३० दिवस, वाढवून ९०) आपोआप थांबत नाही.

नामंजुरीचा आदेश हुकूमनामा (डिक्री) मानला जातो, त्यावर अपील होते. अर्ज फेटाळला तर प्रतिवादीला उच्च न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन). नियम १३ नुसार वादीला त्याच वादकारणावर नवे वादपत्र दाखल करता येते. मुदत मात्र नव्या दाखल-तारखेवरूनच तपासली जाते.